मशीनचा दम गेला कुठे?

यंदाच्या पत्रांत सगळीकडे होडीच्या आउटबोर्ड मशीनच्या कॉम्प्रेशनचाच, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो त्याचाच, गजर आहे. त्यात नवल नाही. १ जूनची मासेमारीबंदी तोंडावर आली की होड्या वर ओढायची घाई असते. मशीन उतरवून पडवीत आणलं की माणूस त्याच्याकडे जरा निवांत बघतो, आणि वर्षभर काणाडोळा केलेली दुखणी एकदम आठवतात. पहिल्या पत्राला लांबलचक उत्तर दिलं आहे, कारण बाकीच्यांचीही निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मेस्त्रीकाका, नमस्कार. देवबागला आमची पर्यटकांची फायबर होडी आहे. मशीन १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, जुनं विकत घेतलेलं. होडी मोकळी असली की पळते, पण माणसं भरली की नाक वर करून नुसतं पाणी ढकलत राहते. सुरू करायची दोरी मारताना हाताक पूर्वीसारखो जोर लागना नाय. मेकॅनिकने प्लगच्या भोकाला दाब मोजायचा गेज लावला तर वरच्या सिलिंडरला १०५ आलं आणि खालच्याला ६२. खालचा प्लग काळा, ओला. तो म्हणतो, ब्लॉक गेला, भंगारात घाला. खरंच गेला का?

उत्तर : भंगाराचं तूर्त बाजूला ठेवा. १०५ आणि ६२ हे आकडे बरंच काही सांगतात, पण ‘ब्लॉक गेला’ असं काही ते सांगत नाहीत. ते मेकॅनिकचं म्हणणं आहे.

आधी गेजबद्दल. बाजारातले गेज एकमेकांशी जुळत नाहीत. लांब रबरी नळीचा गेज आणि त्याचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाऐवजी घड्याळापाशी असेल, तर आकडा हमखास कमी येतो, कारण नळीतली जागाही हवेने भरावी लागते. म्हणून एका गेजचा आकडा दुसऱ्या गेजशी ताडून बघण्यात अर्थ नाही. एकाच गेजने, एकाच बैठकीत घेतलेले दोन सिलिंडरचे आकडे शेजारी ठेवायचे. पेट्रोलवरच्या लहान टू-स्ट्रोक आउटबोर्डला साधारण ९० ते १३० पीएसआय (हे दाबाचं माप) यावं आणि दोन सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत असावा. दोन्हीकडे ९५ दाखवणारं मशीन मी डोळे झाकून होडीला लावेन, पण एकीकडे १२५ आणि दुसरीकडे ९० असेल तर लावणार नाही. तुमच्याकडचा फरक ४० टक्क्यांचा आहे. गेज कितीही स्वस्तातला असला तरी एवढा फरक तो पदरचा घालणार नाही. खालच्या सिलिंडरला काहीतरी झालंय, एवढं धरून चालू.

तरीही चाचणी स्वतः पुन्हा घ्या, आणि नीट घ्या. मशीन पिंपात किंवा खाडीत पाण्यात ठेवून गरम करा. कोरडं एक मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर तेवढ्यातही जळतो. मग पेट्रोलची नळी काढा आणि स्टॉप स्विचची लाल दोरी ओढून ठेवा. दोन्ही प्लग काढा, एक काढून दुसरा जागेवर ठेवू नका. प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून अर्थिंग द्या. उघडी लोंबती वायर म्हणजे कॉइलला धोका, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते हे विसरू नका.

पुढची गोष्ट इतक्यांदा राहून जाते की सावकाश सांगतो. थ्रॉटल पूर्ण उघडा पाहिजे. बंद थ्रॉटलने दोरी मारली तर सिलिंडरला गिळायला हवाच मिळत नाही आणि चांगलं मशीनही आजारी दिसतं. बऱ्याच मशीनना गियर न्यूट्रलला असताना हँडलची मूठ अर्ध्यावरच अडते. मूठ फिरवली म्हणजे थ्रॉटल उघडला असं धरू नका. वरचं कव्हर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बॅटरी मारून आतली पितळी चकती आडवी झाली का ते डोळ्यांनी बघा. नसेल तर बाजूचा दांडा बोटाने दाबून धरायला एखादा पोरगा उभा करा.

गेजचं टोक हाताने आवळा. लहान मशीनच्या हेडमध्ये आखूड चुडीचा प्लग असतो, आणि मोटारसायकलसाठी घेतलेल्या गेजच्या पेटीत लांब चुडीचं टोकही असतं. ते चुकून बसवलंत तर आत पिस्टनच्या डोक्याला लागेल. जुना प्लग आणि ते टोक शेजारी धरून लांबी जुळते का बघा, मगच लावा.

आता दोरी मारा, सारख्याच जोराने, काटा चढायचा थांबेपर्यंत. जितक्या वेळा वरच्याला तितक्याच वेळा खालच्याला. फक्त शेवटचा आकडा लिहून थांबू नका, पहिल्या दोरीला काटा कुठवर गेला तेही टिपा. पहिल्याला कमी आणि मग दर दोरीला थोडं थोडं चढत गेलं, तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. पहिल्यालाही कमी आणि नंतरही तिथेच घुटमळलं, तर हवा मोठ्या वाटेने पळतेय : हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सांध्याची पट्टी, नाहीतर पिस्टनला भोक.

यानंतर तेलाची चाचणी. मोटारीच्या इंजिनवर शिकलेले मेकॅनिक इथे फसतात. लहान चमचाभर, म्हणजे ५ मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल प्लगच्या भोकातून सोडायचं आणि पुन्हा आकडा घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आकडा चढला तर तेलाने रिंगांची फट भरली, म्हणजे गळती रिंगांतून, असा त्याचा अर्थ. पण मोटारसायकलचा सिलिंडर उभा असतो. आउटबोर्डमध्ये क्रँक उभा आणि सिलिंडर आडवे. ओतलेलं तेल पिस्टनच्या खालच्या कडेला जाऊन बसतं, वरची अर्धी रिंग कोरडीच राहते. म्हणून तेल सोडल्यावर दोरी हळूहळू ओढून मशीन चार-पाच वेळा फिरवा, तेल सगळीकडे लागू द्या, मग गेज लावा. आणि ५ मिलीच्या वर जाऊ नका. जास्त तेलाने आतली जागाच कमी होते आणि आकडा खोटा चढतो. एकाने तर पाव कप ओतून ‘मशीन ठणठणीत’ असा शेरा मारून पाठवलं होतं!

तुमचे ६२ चे ९० च्या पुढे गेले तर रिंगा, हे जवळजवळ नक्की. ६५-६८ वरच थांबले तर साबणाचं पाणी करा, हेडच्या सांध्याभोवती ब्रशने लावा आणि कोणाला तरी दोरी मारायला सांगा. गॅस्केट बाहेरच्या बाजूला फुटलं असेल तर बुडबुडा दिसेल. ते आत पाण्याच्या वाटेकडे फुटलं असेल तर बाहेर काही दिसणार नाही. तेव्हा प्लगच्या भोकातून आत बघा. मोबाईलला लावायचा वायरवाला कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो, तो या कामाला फार चांगला. पिस्टनचं डोकं एकसारखं काळं हवं. त्यावर एकाच बाजूला धुऊन काढल्यासारखा चकचकीत पट्टा असेल तर तिथून पाणी आत येतंय. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक रुपेरी कण चिकटलेले दिसले तर पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळतंय. तसं असेल तर पुढचं काहीही करू नका, सरळ हेड उघडा. दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असते तर दोघांमधली गॅस्केटची पट्टी आधी बघा म्हटलं असतं. तुमच्याकडे वरचा धडधाकट आहे, तेव्हा ती शक्यता कमी.

तुमच्या पत्रावरून माझा कयास असा की खालच्या सिलिंडरच्या रिंगा झिजलेल्या नाहीत, काजळीने खोबणीत चिकटल्या आहेत. कारण तुमचा धंदा. मासेमारीची होडी जाळ्यापर्यंत जाते-येते तेव्हा मशीन भरधाव चालतं. पर्यटकांची होडी मात्र डॉल्फिन दिसला की तासभर घुटमळते, संगमावर थांबते, पुन्हा हळू निघते. टू-स्ट्रोकला हे मंद चालणं मानवत नाही. त्यात तेलाचं माप हाताचं असेल, तर मग विचारायलाच नको. ५० ला १ म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली तेल, १० लिटरच्या टाकीला २०० मिली. ‘मशीन जुनं आहे, थोडं जास्त घाल’ म्हणून दुप्पट ओतलं की ते तेल पूर्ण जळत नाही. त्याची डिंकासारखी काजळी रिंगेच्या मागे भरते, रिंग बाहेर फुलायची थांबते आणि हवा बाजूने निसटते. प्लग काळा-ओला असणं याच्याशी जुळतं. दाब नाही म्हणून मिश्रण नीट जळत नाही, जळत नाही म्हणून आणखी काजळी.

म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी एक रात्र औषधाला द्या. मशीन सरळ उभं ठेवून आतलं पाणी पूर्ण गळू द्या, मग टिल्ट करून पूर्ण वर उचला. क्रम उलटा करू नका, नाहीतर मशीनच्या पायातलं, म्हणजे खालच्या दांड्यातलं, पाणी उताराने सिलिंडरमध्ये शिरेल. मशीन असं कललं की मागे तोंड केलेलं हेड वरच्या बाजूला येतं आणि ओतलेलं औषध पिस्टनवर साचून राहतं. मशीन गरम असतानाच, पिस्टन मध्यावर आणून, प्लगच्या भोकातून काजळी विरघळवणारा स्प्रे आणि थोडं टू-टी तेल सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी भोकांवर फडकं धरून दोरी मारा, आतलं सगळं बाहेर फेका, जुने प्लग लावून मशीन सुरू करा. धूर एवढा येईल की शेजारी विचारायला येतील. थोड्या वेळाने होडी बाहेर काढून १५-२० मिनिटं भार देऊन पळवा. मग नवे प्लग घाला आणि पुन्हा गेज लावा. हा प्रकार खाडीच्या काठाला करू नका, फेकलेलं तेल पिंपात किंवा डब्यात धरा. तिसऱ्या दिवशी तिथेच तुमची गिऱ्हाइकं पाण्यात उतरणार आहेत.

६२ चे ८०-८५ झाले तरी औषध लागू पडलं म्हणायचं, दुसरा डोस द्या. आकडा ढिम्म हलला नाही तर बघून घ्यायचं. बऱ्याच मशीनना ब्लॉकच्या कुशीला एक्झॉस्टचं कव्हर असतं. ते काढलं की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची कड आणि रिंगा दिसतात. फ्लायव्हील हाताने फिरवत रिंग खिडकीत आणा आणि लाकडी काडीने अलगद दाबा. मोकळी रिंग स्प्रिंगसारखी आत जाते, बाहेर येते. चिकटलेली दगडासारखी राहते. पिस्टनच्या अंगावर उभ्या चरा असतील तर त्याही इथेच दिसतात. पण ते बोल्ट! ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये पोलादी बोल्ट आणि वर्षानुवर्षं खारं पाणी, असा संसार आहे तो. आदल्या दिवशी तेल मारून ठेवा, गरम हवेने शेका, डोक्यावर हातोडीने टिचक्या द्या, आणि तरीही बोल्ट पिळवटतोय असं हाताला जाणवलं तर थांबा. तुटलेला ६ मिमीचा बोल्ट ड्रिलने काढण्यात जो दिवस जातो, त्यात शिव्यांशिवाय काही हाती लागत नाही.

हेड उघडावंच लागलं तर दोन गोष्टी स्वतः बघा, लेथवाल्यावर सोडू नका. हेडची सपाटी : जाड काचेवर हेड पालथं ठेवून खाली फीलर, म्हणजे मापाची पातळ पात, घाला. ०.१ मिमीची पात कुठेही आत सरकली तर हेड वाकलंय. काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून ते सरळ करता येतं. आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत : नखाने आडवं खरवडा. नख अडकलं तर चर खोल आहे, मग बोर मारून मोठ्या मापाचा पिस्टन, ०.२५ किंवा ०.५० चा. नख अडकत नसेल तर होन करून, म्हणजे आतून हलकं घासून, नव्या रिंगा पुरतात. नव्या रिंगा बसवताना खोबणीत एक बारीक खिळा असतो, रिंगेची दोन्ही टोकं त्याला धरूनच आली पाहिजेत. टोक सरकून खिडकीसमोर आलं तर पहिल्याच दिवशी अडकून मोडेल.

आता ज्या प्रश्नासाठी हे सगळं सांगितलं तो. दम खालच्याच सिलिंडरचा का गेला? याचं उत्तर मिळाल्याशिवाय रिंगांना पैसे घालू नका. पाण्याची धार बघा. कव्हराखालच्या तोटीतून येणारी ती बारीक धार जोरदार आहे की बाळसं गेल्यासारखी? कर्ली नदीच्या मुखाशी गाळ आणि वाळू काय कमी आहे? इम्पेलरच्या पाकळ्या त्याने झिजतात, नाहीतर एखादी प्लास्टिकची पिशवी पाणी घ्यायच्या जाळीला चिकटते, आणि मशीन तापून पिस्टनला चरे पडतात. धार ठीक असेल तर क्रँकचं खालचं ऑइल सील बघा. ते फक्त खालच्याच सिलिंडरच्या वाट्याला आलेलं असतं. ते गळकं झालं की त्या क्रँककेसमध्ये बाहेरची हवा नाहीतर पाणी ओढलं जातं, मिश्रण हलकं पडतं, तेल धुतलं जातं. असं सील तसंच ठेवून वर नव्या रिंगा घातल्या तर पुढच्या हंगामात तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

रिंगा घातल्याच, तर पहिले १० तास तेल २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. त्या काळात सतत पूर्ण वेग नको आणि सतत मंदही नको. नंतर निमूट ५० ला १ वर या. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर पुस्तिकेचं ऐका.

प्रश्न : हर्णैहून लिहितोय. आमचं रॉकेलवरचं मशीन आहे. शेजारच्याच्या पेट्रोलच्या मशीनला ११० येतं, आमच्याला ७८ आणि ७५. चालतं मात्र बरं. उघडू का?

उत्तर : बरं चालतंय ना? मग हात लावू नका. रॉकेल पेट्रोलपेक्षा लवकर ठोका देतं, म्हणून रॉकेलच्या मशीनचं कॉम्प्रेशन कारखान्यातूनच कमी ठेवलेलं असतं. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुमची तुलना मुळातच चुकीची. ७८ आणि ७५ एकमेकांजवळ आहेत हे महत्त्वाचं. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतला आकडा मिळवा, तो पक्का. आणि आजचे दोन्ही आकडे तारखेसह कव्हराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच गेजने पुन्हा घ्या. तेव्हा ७८ आणि ६० दिसले तर लिहा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारतो : मशीन बंद करताना शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर घेता ना? किनाऱ्याला लागायच्या घाईत बरेच जण रॉकेलवरच बंद करतात. मग सकाळी कार्ब्युरेटरच्या वाटीत रॉकेल, थंड मशीन ते पेटवत नाही, माणूस दोरी मारत सुटतो, आणि न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं. रॉकेलच्या मशीनच्या रिंगा लवकर जातात म्हणतात, त्यातल्या कितीतरी अशा जातात.

प्रश्न : काका, शापोराला, गोव्यात, आमची लहान होडी आहे. गेज लावून बघितला, दोन्हीकडे ११५. तरी जोर दिला की मशीन किंचाळतं आणि होडी जागेवरच. कॉम्प्रेशन चांगलं असून असं का?

उत्तर : कॉम्प्रेशन चांगलंय म्हणूनच. मशीन किंचाळतंय म्हणजे त्याला दम आहे, तो पाण्यापर्यंत पोचत नाही. पंख्याच्या बुंध्यात रबराचं बुश असतं. पंखा दगडाला लागला तर गियर वाचावा म्हणून ते सरकण्यासाठीच बसवलेलं असतं. जुनं झालं की ते विनाकारण सरकायला लागतं. पंखा काढून स्वच्छ पुसा, मागच्या बाजूने आतल्या पितळी नळीपासून रबरावरून बाहेरच्या बुंध्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, बसवून एक फेरी मारा. परत काढल्यावर रेघ तुटलेली दिसली तर निकाल लागला.

रेघ शाबूत असेल आणि मशीन किंचाळायच्या ऐवजी गुदमरत असेल, कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार मागे थुंकत असेल, तर कार्ब्युरेटरच्या मागचे रीड, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या पट्ट्या, बघा. टू-स्ट्रोकला दोन कॉम्प्रेशन असतात. एक पिस्टनच्या डोक्यावरचं, जे तुमचा गेज मोजतो. दुसरं पिस्टनच्या खाली, क्रँककेसमधलं, जे मिश्रण वर ढकलतं. ते तुमच्या गेजला दिसत नाही. रीडच्या पातळ पट्ट्या सायकलच्या पंपातल्या वायसरसारखं काम करतात, मिश्रण आत घेतात आणि परत जाऊ देत नाहीत. एका पट्टीचा कोपरा उडाला तरी ११५ चं ११५ च दिसेल आणि मशीन मात्र रडेल. कार्ब्युरेटरच्या मागे चार-सहा स्क्रूंत हा रीडचा ब्लॉक बाहेर येतो. उजेडासमोर धरा, पट्टी आणि बैठक यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. पट्टीचा तुकडा उडालेला असेल तर तो कुठे गेला ते शोधल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

प्रश्न : नमस्कार. आम्ही कॅनडात, ओंटारियोत असतो. तळ्याकाठचं एक लहान घर घेतलं, त्याच्या शेडमध्ये १९७०च्या दशकातलं एव्हिनरूडचं लहान आउटबोर्ड मिळालं. किती वर्षं बंद आहे ठाऊक नाही. माझे वडील मालवणचे, ते म्हणाले दोरी मारून बघ, जोर लागला तर चांगलं. मारू का?

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण आज दोरी मारू नका. चालत्या मशीनला त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वर्षानुवर्षं उभ्या मशीनमध्ये लायनरवर गंजाची बारीक साय धरलेली असते आणि रिंगा तिथेच बसलेल्या असतात. कोरडी दोरी मारली तर पहिल्याच फेरीत तो गंज रिंगा खरवडेल. प्लग काढा, दोन्ही भोकांतून थोडं टू-टी तेल सोडा, दोन दिवस विसरून जा. मग फ्लायव्हील हाताने, घड्याळाच्या दिशेने, हळू फिरवून बघा. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल, आणखी दोन दिवस. मोकळं फिरायला लागलं की तेल बाहेर काढा आणि मगच वर सांगितल्याप्रमाणे गेज लावा. पहिला आकडा कमी आला तर लगेच निराश होऊ नका. पेट्रोल, नळ्या आणि इम्पेलर नवे करून मशीन पिंपात थोडं चालवलं की चिकटलेल्या रिंगा बऱ्याचदा स्वतःहून सुटतात आणि आकडा चढतो.

तुमचं नशीब असं की हे मशीन गोड्या पाण्यातलं आहे. आमच्याकडचे मेस्त्री तुमच्या बोल्टांकडे बघून हळहळतील. हेडचे बोल्ट तुम्हाला साध्या पान्याने सुटतील, आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या नसतील. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला आउटबोर्डचा धंदा उभा केला. कंपनी बदलत बदलत ते नाव २०२० पर्यंत चाललं आणि त्या वर्षी उत्पादन थांबलं. पण जुन्या मॉडेलची संख्या एवढी मोठी आहे की गॅस्केट, रिंगा, इम्पेलर तिकडे अजून मिळतात. मागवण्याआधी क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या, दोन वर्षांच्या मॉडेलमध्येही भाग बदलतात.

तुमच्याकडची एक भीती आमच्याकडे नाही, ती थंडीची. शेडमध्ये ते आडवं पडलेलं होतं की उभं? आउटबोर्ड उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं. आडवं पडलं असेल तर आत पाणी राहून गोठलेलं असू शकतं, आणि गोठलेलं पाणी ब्लॉक चिरतं. गेज लावायच्या आधी ब्लॉक बाहेरून ब्रशने धुऊन, वाळवून, उन्हात सगळीकडून बघा. गियरच्या पेटीचा खालचा स्क्रू थोडा सैल करा. आधी पाणी आलं आणि मागून तेल, किंवा तेल दुधासारखं पांढरट आलं, तर पायातली सीलंही गेली आहेत, म्हणजे तीही मागवायच्या यादीत धरा. तेल काळपट पण एकसारखं आलं तर स्क्रू परत आवळा आणि निवांत गेजकडे वळा. आकडे आले की दोन्ही लिहून पाठवा, पहिल्या दोरीचेही.